रंग उतरवणारा चित्रकार

अमूर्त चित्रकलेचा विषय निघाला, की बैठकीतला एखादा गृहस्थ हमखास तो जुना विनोद सांगतो: चित्र उलटे टांगले होते आणि कोणाच्या ध्यानातच आले नाही! विनोद जुना असला, तरी अगदीच निराधार नाही. १९६१ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात मातीसने कागद कातरून केलेले एका नावेचे चित्र सत्तेचाळीस दिवस उलटे टांगलेले होते. हजारो लोक ते पाहून गेले आणि अखेर चूक दाखवून दिली ती एका प्रेक्षक बाईंनी. २०२२ साली तर याच्याही वरताण झाली. मोंद्रियानने १९४१ मध्ये रंगीत चिकटपट्ट्या लावून केलेले एक चित्र १९४५ पासून उलटेच दाखवले जात असावे, असे जर्मनीतल्या एका संग्रहालयाच्या ध्यानात आले. आणि आता सुलटे करायला जावे तर जुन्या पट्ट्या सुटून पडायच्या, म्हणून ते तसेच ठेवावे असे ठरले!

हसून घ्यावे. पण हसून झाल्यावर एक प्रश्न उरतोच. ज्या चित्रात माणूस नाही, झाड नाही, देव नाही, डोंगर नाही, ते काढणाऱ्याला आपण काय करतो आहोत हे कळते कसे? कुठे थांबायचे हे त्याला कोण सांगते? आणि त्या प्रश्नाच्या पाठोपाठ येणारा आरोपही आपल्या ओळखीचा आहे: ही सगळी पश्चिमेची उसनवारी; आपल्या मातीत हे झाड उगवलेलेच नाही.

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मी व्याख्यांत न शोधता एका माणसाच्या कामात शोधणार आहे. तो माणूस परका नव्हे. गोव्याकडचे घराणे, नागपुरात जन्म, गिरगावातल्या चाळीत लहानपण आणि सर ज. जी. कलाशाळेत शिक्षण, असा त्याचा सारा प्रवास आपल्या पायाखालच्या रस्त्यांवरून झालेला आहे. वासुदेव गायतोंडे हे त्याचे नाव. जन्म १९२४ चा, मृत्यू २००१ चा. मराठी घरांतून हे नाव जितके घेतले जायला हवे होते तितके घेतले गेले नाही, हीही या लेखामागची एक रुखरुख आहे.

१

चित्रकाराची नजर कुठे घडली हे पाहायचे, तर तो ज्या शाळेत शिकला ती शाळा आधी पाहावी लागते. १८५७ साली जमशेटजी जिजीभाईंच्या देणगीतून उभी राहिलेली ही कलाशाळा आरंभी केवळ चित्रे काढायला शिकवण्यासाठी नव्हती. मातीकाम, कोरीव काम, नक्षी, सजावट ही तिची मूळची कामे. बोरीबंदर स्थानकाच्या दगडी पाने, फुले, पशु-पक्ष्यांकडे आपण गाडी पकडण्याच्या घाईत पाहत नाही. त्या नक्षीकामाला याच शाळेतल्या विद्यार्थ्यांचे हात लागलेले आहेत. १८७२ पासून पुढे वर्षानुवर्षे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात राहिले आणि लेण्यांतल्या भिंतींच्या प्रतिकृती करून घेत राहिले. त्यांतल्या कितीतरी पुढे लंडनच्या आगीत जळाल्या, तो भाग निराळा. पण आपल्या पोरांच्या डोळ्यांखालून अजिंठ्याची भिंत इंच इंच गेली, हे काही जळाले नाही. पुढे ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी भित्तिचित्रांचा वर्ग सुरू केला आणि जगन्नाथ अहिवासी यांनी भारतीय शैलीचे शिक्षण तिथे रुजवले.

म्हणजे १९४० नंतरच्या काळात गायतोंडे तिथे शिकत होते, तेव्हा त्या शाळेत दोन प्रवाह एकाच वेळी वाहत होते. एक, समोर बसवलेल्या माणसाची हुबेहूब प्रतिमा काढायला लावणारा विलायती शिस्तीचा; आणि दुसरा, सपाट रंगाचा, वळणदार रेषेचा, नक्षीचा. पहिला प्रवाह विचारतो, हे दिसते कसे? दुसरा विचारतो, ही जागा भरायची कशी, आणि मोकळी सोडायची कुठे? मला वाटते, अमूर्ताचे बी या दुसऱ्या प्रश्नात आहे. गायतोंडे १९४८ साली पदविका घेऊन बाहेर पडले ते हा दुसरा प्रश्न बरोबर घेऊनच.

त्यांची १९५० च्या आसपासची चित्रे पाहावीत. त्यांत माणसे आहेत, स्त्रिया आहेत. पण त्यांच्या अंगावर छाया-प्रकाशाचा गोलवा नाही. रंग सपाट, एकापाशी एक ठेवलेले. ही पद्धत जैन पोथ्यांतल्या आणि बसोलीच्या लघुचित्रांतली. बसोलीच्या चित्रकारांची एक हौस मला फार आवडते: पाचूची चमक दाखवण्यासाठी ते चक्क भुंग्याच्या पंखाचे हिरवे तुकडे कागदावर चिकटवीत. पाचूसारखा रंग कालवून त्यांचे समाधान होत नसे; ती चमकच कागदावर हवी असे. वस्तूचे चित्र आणि वस्तू यांच्यात त्यांनी ठेवलेले हे नाते ध्यानात ठेवण्यासारखे आहे. गायतोंडे पुढे म्हणत, की त्यांच्या चित्राला ‘अमूर्त’ म्हणू नये. ते वस्तुनिरपेक्ष आहे. ‘अमूर्त’ म्हटले की आधी काहीतरी मूर्त होते आणि चित्रकाराने ते पुसट केले, असा भास होतो. त्यांचे चित्र कशाचे पुसट रूप नव्हते. ते स्वतःच एक वस्तू होते.

२

आता उसनवारीचा हिशेब. तोही चोख मांडला पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे युरोपातून परागंदा झालेली काही रसिक माणसे मुंबईत येऊन राहिली. वॉल्टर लँगहॅमर, रुडी फॉन लायडन, इमॅन्युएल श्लेसिंगर ही त्यांतली ठळक नावे. त्यांच्या घरी आपल्या तरुण चित्रकारांना युरोपातल्या नव्या चित्रांच्या छापील प्रती पाहायला मिळत आणि वादही घालायला मिळत. १९४७ साली सूझा, रझा, हुसेन, आरा, बाकरे आणि गाडे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला, आणि पुढे गायतोंडेही त्यात आले. या काळात त्यांच्यावर ठसा उमटला तो मुख्यतः पाउल क्ले या चित्रकाराचा. हे नाकारण्याचे कारण नाही. त्या वेळची त्यांची चित्रेच तसे सांगतात. रेषा नाजूक झाली, चेहरे चौकटीत बसू लागले, आकृती चिन्हासारख्या झाल्या.

पण हा क्ले कोण होता? तो जर्मनीतल्या बाउहाउस या शाळेत शिकवत असे, आणि ती शाळा मुळात कारागिरीची होती. खुर्च्या, दिवे, कापड, छपाई यांचा विचार तिथे चित्राइतक्याच गांभीर्याने होई. क्ले तिथल्या विणकाम विभागातही आकृतिबंधाचे धडे देत असे. उभे-आडवे धागे, पुन्हा पुन्हा येणारा घटक, त्याला मध्येच दिलेली बगल: या गोष्टी तो कापडावर शिकवी आणि चित्रात वापरी. आणि त्याला स्वतःला रंग सापडला तो कुठे? १९१४ च्या एप्रिलमध्ये तो ट्युनिसियाला गेला आणि तिथल्या उन्हातल्या घुमट-भिंतींनी त्याचे रंगाचे गणित बदलून टाकले. पुढे १९२२ साली याच बाउहाउसच्या मंडळींची चित्रे कलकत्त्याला येऊन गेली. त्यांत क्लेची होती, कांडिन्स्कीचीही होती.

सांगायचे ते इतकेच, की हा व्यवहार एकतर्फी नव्हता. पूर्वेच्या उन्हात एकाला रंग मिळाला, त्याच्या रेषेतून गिरगावच्या तरुणाला धीर मिळाला. आणि तो तरुण आधीच पोथीच्या सपाट रंगावर वाढलेला असल्यामुळे ती रेषा त्याला परकी वाटली नाही. शेजारणीकडून विरजण आणले म्हणून दही काही शेजारणीचे होत नाही; दूध आपल्याच घरचे असते.

आणखी एक पुरावा तारखांचा आहे. गायतोंड्यांना टोकियोच्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात पहिले पारितोषिक मिळाले ते १९५७ मध्ये. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत त्यांच्या चित्रातली आकृती पार नाहीशी झाली. १९६३ साली मॉरिस ग्रेव्ह्ज हा अमेरिकन चित्रकार मुंबईत त्यांची चित्रे पाहून थक्क झाला आणि त्याने तसे मायदेशी कळवले. रॉकफेलर शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कला गेले ते १९६४ मध्ये. तेव्हा न्यूयॉर्क पाहून ते अमूर्ताकडे वळले, हे म्हणणे पंचांगातच बसत नाही. ते तिथे पोहोचले तेव्हा आपल्या वाटेने बरेच पुढे आलेले होते. न्यूयॉर्कने त्यांना त्याच वाटेवरचे सोबती दाखवले.

३

वॉर्डन रोडवर समुद्राच्या काठी भुलाभाई देसाई स्मारक संस्था होती. माधुरीबेन देसाई यांनी चालवलेल्या त्या वास्तूत एका खोलीत हुसेन, एका खोलीत गायतोंडे, कुठे रविशंकरांचे सतारीचे वर्ग, वर गच्चीवर अल्काझींचे नाटक, असा संसार होता. ती वास्तू आज उरलेली नाही. तरुण नसरीन मोहमदीही तिथे काम करी, आणि गायतोंड्यांचा तिला आधार होता. इतक्या गजबजाटात हा माणूस मात्र तासन् तास समुद्राकडे पाहत बसे, असे त्याला ओळखणारे सांगत. त्यांच्या साठीच्या दशकातल्या चित्रांत एक आडवी, धूसर पट्टी येते; तिला क्षितिज म्हणायचा मोह होतो. पण त्यांना विचारले असते तर त्यांनी ‘समुद्र नव्हे’ असेच सांगितले असते. आणि तेही खरेच. समुद्र पाहून समुद्र काढला नाही. समुद्राकडे पाहत बसण्याची सवय मात्र चित्रात उतरली.

त्यांच्या कामाची रीत मुद्दाम तपशिलाने सांगण्याजोगी आहे, कारण ‘हे काय, कोणीही करील’ या उद्गाराला खरे उत्तर तिथे आहे.

बहुतेक चित्रकार ब्रशने रंग लावतात. गायतोंड्यांनी ब्रश जवळजवळ बाजूला ठेवला आणि हाती घेतला रोलर, नाहीतर चपटी सुरी. रोलरने रंगाचा पातळ थर फिरवायचा. तो सुकू द्यायचा. त्यावर दुसरा. तैलरंग पाण्यासारखा वाळत नाही. त्यातले तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते, आणि त्याला दिवस लागतात. म्हणून हे काम घाईचे नव्हेच. पातळ थरांची गंमत अशी, की वरच्या थरातून प्रकाश आत शिरतो, खालच्या थरावर आपटून पुन्हा बाहेर येतो. म्हणून चित्र बाहेरून उजळल्यासारखे न दिसता आतून उजळल्यासारखे दिसते. त्यांच्या पिवळ्या-तांबूस चित्रापुढे उभे राहिले, की देवघरातल्या समईचा प्रकाश पितळेवर पडावा तसे काहीसे मला नेहमी वाटते.

पुढची पायरी अधिक विलक्षण. वर्तमानपत्राचे किंवा मासिकाचे कागद ते हाताने फाडत. कात्रीने नव्हे, हाताने. म्हणजे कड सरळ येत नाही. त्या तुकड्यांना रंग लावून ते कॅनव्हासवर दाबायचे आणि उचलायचे, किंवा ओल्या रंगावर ठेवून त्यांच्याबरोबर रंग उचलून घ्यायचा. मग सुरीने खरवडायचे. म्हणजे रंग लावण्याइतकेच रंग उतरवण्याचे काम. ज्या जागी आकार दिसतो, तिथे पुष्कळदा काही घातलेले नसते, काढून घेतलेले असते. रोजच्या बातम्यांचा कागद, जो आपण सकाळी वाचतो आणि दुपारी पुडी बांधायला देतो, त्याचा शब्दन् शब्द निरुपयोगी करून त्यातून फक्त एक आकार घ्यायचा, ही कल्पनाच मला मोठी बोलकी वाटते.

यात योगायोगाला जागा होती, पण मोकाट सोडलेली नव्हती. कागद उचलल्यावर काय उमटेल हे आधी पुरते ठाऊक नसते. पण उमटलेले ठेवायचे की घालवायचे, हे ठरवणारी नजर तयार असावी लागते. गायतोंडे कॅनव्हासपुढे पुष्कळ वेळ नुसते बसून राहत. वर्षाकाठी पाच-सहा चित्रे होत. जपानी झेन पंथाचे विचार त्यांनी मनापासून वाचले होते. गिरगावजवळच खेतवाडीत विडीचे दुकान चालवणारे निसर्गदत्त महाराज, तसेच रमण महर्षी आणि कृष्णमूर्ती यांच्या शिकवणीची त्यांना ओढ होती. चित्राचा आरंभ मौनातून होतो, असे ते सांगत. ऐकायला हे गूढ वाटते. पण रियाजाला बसलेल्या गवयाला विचारा, तो षड्ज लावण्यापूर्वी क्षणभर थांबतो तो कशासाठी?

४

दिवाळीत आपल्या दारापुढे ठिपक्यांची रांगोळी पडते. ‘हे कशाचे चित्र?’ असे तिला कोणी विचारीत नाही. ठिपके, त्यांना जोडणाऱ्या रेषा, त्यांतून उलगडणारी जाळी: हे वस्तुनिरपेक्षच आहे. पैठणीच्या काठावर, गोधडीच्या टाक्यांत, चौरंगाच्या नक्षीत आपण कित्येक पिढ्या निव्वळ आकारांचा आनंद घेत आलो आहोत. मग भिंतीवर टांगलेल्या कॅनव्हासपुढेच आपल्याला अर्थाची तहान का लागावी?

मात्र इथे प्रामाणिकपणे एक फरक सांगितला पाहिजे. रांगोळीच्या मागे सण आहे, रीत आहे, आजीच्या बोटांची सवय आहे. ती कुठे काढायची, कधी काढायची, हे ठरलेले असते. गायतोंड्यांच्या चित्रामागे यांतले काहीच नाही. रीत नाही, प्रसंग नाही, नावसुद्धा नाही. त्यांच्या बहुतेक चित्रांना शीर्षक नाही. प्रत्येक वेळी सगळे पहिल्यापासून. म्हणून ते कठीण आहे, त्यांना आणि आपल्यालाही. नक्षीचा वारसा त्यांना डोळा देऊ शकला. सोबत देऊ शकला नाही.

या एकटेपणाची किंमत त्यांनी पुरेपूर मोजली. त्यांनी संसार थाटला नाही. १९७१ साली पद्मश्री मिळाली. पुढच्या वर्षी मुंबई सोडून ते दिल्लीला गेले आणि निजामुद्दीनमधल्या एका गच्चीवरच्या खोलीत राहू लागले. सभासमारंभ नाहीत, गटबाजी नाही, भेटीगाठी मोजक्या. या वर्षांतली त्यांची उभी, उंच चित्रे त्यांच्या सर्वोत्तम कामांत गणली जातात. धुक्यासारख्या रंगात तरंगणारी चिन्हे त्यांत दिसतात. अक्षरांसारखी, पण कोणत्याही लिपीतली नव्हेत. वाचायला जावे तर वाचता येत नाहीत, आणि तरी काहीतरी लिहिलेले आहे ही भावना जात नाही.

१९८४ साली त्यांना अपघात झाला. मोठा कॅनव्हास, वजनदार रोलर, तासन् तास उभे राहणे, हे सारे अशक्य झाले. तेव्हा त्यांनी कागद घेतला, शाई घेतली आणि लहान लहान रेखाटने केली. थरांचा सारा थाट गळून गेला. उरली ती रेषा. क्लेकडे पाहून जी रेषा तरुणपणी त्यांनी हाती घेतली होती, तीच. फक्त आता तिच्या अंगावर काहीच उरले नव्हते. पुढे ते पुन्हा कॅनव्हासकडे वळले. पण अखेरच्या काही वर्षांत त्यांनी चित्र काढणे थांबवले. २००१ च्या ऑगस्टमध्ये ते गेले. त्या बातमीने गिरगावात कोणी दुकान बंद केल्याचे ऐकिवात नाही.

यानंतरची हकिकत आपल्याला जास्त ठाऊक असते, कारण ती पैशाची आहे. २०१३ साली मुंबईतल्या लिलावात त्यांचे एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेले. दोनच वर्षांनी दुसरे २९ कोटींच्या वर. वर्तमानपत्रांनी मोठे मथळे दिले. ज्या कागदातला शब्दन् शब्द त्यांनी चित्रात निरुपयोगी करून टाकला होता, त्याच कागदाने असा सूड उगवला! मला या आकड्यांचा राग नाही. पण आकडा हा चित्र पाहण्याला पर्याय होऊ नये, एवढेच. आकडा ऐकून ज्याने चित्राकडे आदराने पाहिले, त्याने आकडाच पाहिला.

मला अधिक मोलाचा वाटतो तो २०१४ सालचा योग. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाने त्यांच्या साऱ्या कामाचे प्रदर्शन भरवले. हे संग्रहालय १९३९ मध्ये उघडले तेव्हा त्याचे नाव होते ‘वस्तुनिरपेक्ष चित्रांचे संग्रहालय’. जो शब्द गायतोंडे आयुष्यभर आग्रहाने आपल्या चित्रांसाठी मागत होते, त्याच शब्दाच्या घरात त्यांची चित्रे जाऊन पोहोचली.

आता पहिल्या प्रश्नाकडे. कुठे थांबायचे हे चित्रकाराला कोण सांगते? नक्षी शिकलेली नजर सांगते, वाट पाहण्याची सवय सांगते, आणि हातातला कागदाचा तुकडा उचलल्यावर उमटलेले ते पुसट काहीतरी सांगते. बाहेरचा साक्षीदार नसतो, म्हणून आतला अधिक कडक लागतो. वाचकांना माझी एवढीच विनंती आहे, की त्यांचे चित्र कुठे दिसले तर त्यापुढे घड्याळ न पाहता पाच मिनिटे उभे राहावे आणि ‘हे कशाचे?’ हा प्रश्न तेवढी पाच मिनिटे खिशात ठेवावा.

आणि उसनवारीचे म्हणाल, तर चित्राची मागची बाजू पाहावी. गायतोंडे समोरच्या बाजूला सही करून चित्राच्या शांततेत ढवळाढवळ करीत नसत; ते सही करीत ती मागे. त्यांच्या कित्येक कॅनव्हासांच्या पाठीवर इंग्रजी सहीच्या सोबतीला ती आहे देवनागरीत. समोर कोणत्याही लिपीत न बसणारी चिन्हे, आणि मागे, भिंतीकडे तोंड करून, आपल्या अक्षरांत लिहिलेले एक मराठी नाव.